दांडीवरून पाय जात नसेल तर

आर्वी तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

“वय ६८. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. गावापासून आमचे वावर तीन किलोमीटरवर आहे. त्यातला एक किलोमीटर डांबरी रस्ता आणि बाकी पांदण. चाळीस वर्षे दांडीची मोठी सायकल चालवली. उजव्या गुडघ्याची झीज झाल्यापासून मागून टांग टाकणे जड जाते. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी कॅरियरवर ढेपेचे पोते होते, उतरताना पाय त्याला अडकला आणि मी सायकलीसकट पडलो. मनगटाला प्लास्टर लागले. मुलगा म्हणतो, सायकल सोडा, स्कूटी घेऊन देतो. मला सायकल सोडवत नाही. बिनदांडीची घ्यावी असे मनात आहे, पण ‘लेडीज सायकल’ म्हणून गावात हसे होईल, असे घरच्यांना वाटते. कोणती घ्यावी? साधी, गिअरची की बॅटरीची? आणि जुनी विकून टाकावी काय?”

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील पडण्याचा मजकूर मी दोनदा वाचला, कारण सायकल कशी निवडावी याचे उत्तर तिथेच आहे. आपण चालत्या सायकलीवरून पडला नाहीत, खड्ड्यात चाक गेले म्हणून पडला नाहीत, पांदणीत गाय आडवी आली म्हणूनही नाही; सायकल थांबत असताना, उतरता उतरता पडलात. साठी ओलांडलेल्या माणसांचे सायकलवरून पडणे बरेचदा असेच, चढताना, उतरताना किंवा अगदी मंद वेगात होते. सायकलीला वेग असला की ती हँडलच्या बारीक हालचालींवर तोल सांभाळते आणि चाळीस वर्षांचा सराव असलेल्या माणसाला तिथे काही शिकवावे लागत नाही. वेग संपला की सगळा भार पायावर येतो, आणि नेमक्या त्या क्षणी आपला एक पाय हवेत, कॅरियरच्याही वर असतो. म्हणून दुकानात गेल्यावर सायकल किती हलकी पळते हे पाहण्याच्या आधी तिच्यावर बसायला आणि तिच्यावरून उतरायला किती सोपे जाते, हे पाहावे. बाकीच्या सगळ्या गोष्टी मला त्यानंतरच्या वाटतात.

आता लोक हसतील त्याविषयी. दांडी ही पुरुषपणाची खूण म्हणून बसवलेली नाही. आडव्या दांडीने चौकटीत दोन त्रिकोण तयार होतात आणि कमी लोखंडात चौकट ताठ राहते, एवढेच तिचे कारण आहे. जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्री येथे १८८५ साली ‘रोव्हर’ सायकल काढली, तिच्यापासून आजच्या सायकलीची घडण सुरू झाली, आणि त्यानंतर काही वर्षांतच घोळदार झगे घालणाऱ्या स्त्रियांना बसता यावे म्हणून दांडी खाली वाकवली गेली. ती सोय झग्यासाठी झाली तशी धोतरासाठीही होते. नेदरलँड्समध्ये वय झालेले पुरुष अशा सायकली सर्रास चालवतात. पण गावातल्या माणसांना नेदरलँड्स सांगण्यात अर्थ नाही, हे मलाही कळते. त्यांना एवढेच विचारावे की मुलगा जी स्कूटी घेऊन देतो म्हणतो, तिलाही पुढे पाय घालायला मोकळी जागा असते, दांडी नसते, आणि तिच्यावर बसणाऱ्या पुरुषाला आजवर कोणी हसले आहे काय? तरीही मनाला लागत असेल, तर काळ्या किंवा गडद हिरव्या रंगाची, पुढे फुलाफुलांची टोपली नसलेली सायकल मागावी. निम्मे हसू रंगाचे असते.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करावा. अंगणात विटा आडव्या रचाव्यात. एक वीट साधारण तीन इंच धरली, तर पाच विटांची उंची पंधरा इंच होते. डाव्या हाताने खाटेचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन, रोजची चप्पल घालून, उजवा पाय त्या विटांवरून पलीकडे न्यावा आणि परत आणावा. हे सकाळी करू नये. दिवसभराचे काम झाल्यावर संध्याकाळी करावे, कारण वावरातून परत निघताना गुडघा जसा असतो तसाच तो मोजला पाहिजे. पाय विटांना न घासता सलग दहा वेळा गेला, तर ती उंची आपली. चार विटांवरच जात असेल तर तसे लिहून ठेवावे. मग दुकानात टेप घेऊन जावे आणि जमिनीपासून, पाय जिथून आरपार जातो त्या नळीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत, माप घ्यावे. बाजारात ‘लेडीज’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या सायकली या बाबतीत सारख्या नसतात. काहींना हँडलपासून सीटखालच्या नळीपर्यंत दोन तिरप्या नळ्या असतात आणि पाय वीसेक इंच उचलावा लागतो. काहींना एकच जाड, खाली झोकदार वाकवलेली नळी असते आणि तिथे चौदा-पंधरा इंचांत काम भागते. आपल्याला दुसऱ्या प्रकारची हवी. सायकल स्वतःकडे थोडी कलती धरली की आणखी एक-दोन इंच कमी होतात, पण त्या भरवशावर खरेदी करू नये.

घरात नात असेल आणि ती शाळेत सायकलने जात असेल, तर काम आणखी सोपे आहे. विदर्भातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळालेल्या आहेत. त्यातली एक सुटीच्या दिवशी मागून घ्यावी, सीट वर करून शाळेच्या मैदानावर चार फेऱ्या माराव्यात आणि मग मत बनवावे. या सायकलींचा दुसरा फायदा असा की त्यांचे टायर, ट्यूब आणि ब्रेकचे गुटके तालुक्याच्या ठिकाणीच काय, बाजाराच्या गावातही मिळतात. महागड्या परदेशी घडणीच्या सायकलीचा एक सुटा भाग नागपुराहून यायला पंधरा दिवस लागले, तर ती सायकल तेवढे दिवस गोठ्यातच राहील.

सीटच्या उंचीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. वय झालेल्या माणसाला सायकल देताना दुकानदार सीट अगदी खाली करून देतो आणि म्हणतो, “बाबूजी, दोन्ही पाय जमिनीला टेकतात ना, मग झाले.” बसल्या जागी पाय टेकले की मनाला धीर येतो हे खरे, परंतु सीट इतकी खाली असली की पायडल वर येताना गुडघा पोटाकडे दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर पडणे हेच झिजलेल्या सांध्याला सर्वांत जास्त सोसत नाही. आठवडाभरात गुडघा दुखू लागतो आणि दोष सायकल चालवण्याला दिला जातो. सीट इतकी वर हवी की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळपास सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो आणि तो बरोबर असतो. पण अशा उंचीवर बसल्या बसल्या पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. मग थांबायचे कसे?

बिनदांडीच्या सायकलीची खरी करामत इथेच आहे. तिच्यावर थांबताना सीटवर बसून राहायचेच नसते. पुढे दांडी नसल्यामुळे सीटवरून पुढे सरकून त्या मोकळ्या जागेत सरळ उभे राहता येते. दांडीच्या सायकलीवर हेच केले तर काय होते, ते कैची, म्हणजे दांडीखालून पाय घालून सायकल चालवणे, सोडून पहिल्यांदा दांडीवर बसायला शिकलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आपला उजवा गुडघा दुखरा आहे, म्हणून क्रम असा ठेवावा. सायकलीच्या डाव्या बाजूला उभे राहून दोन्ही ब्रेक घट्ट दाबावेत, कारण चढताना सायकल सरकली की घात होतो. उजवा पाय पुढून आरपार न्यावा आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, सीटच्या पुढे, सायकल दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरून उभे राहावे. इथे क्षणभर थांबावे, घाई करू नये. डावे पायडल वर आणि थोडे पुढे आणून त्यावर डावा पाय ठेवावा, ब्रेक सोडावा, त्या पायाने जोर द्यावा आणि सायकल निघता निघता अंग उचलून सीटवर टेकवावे. उतरताना याच्या उलट: वेग कमी करावा, उजवे पायडल सर्वांत खाली आणून त्यावर सरळ पायाने उभे राहावे, सीट सोडून पुढे यावे, सायकल किंचित डावीकडे कलू द्यावी आणि डावा, म्हणजे धड पाय जमिनीवर ठेवावा. दुखऱ्या गुडघ्यावर भार येतो तो तो सरळ असताना. त्याला तो सहसा सोसतो.

आपल्या अंगात चाळीस वर्षांची टांग मुरलेली आहे. डाव्या पायडलवर पाय ठेवून दोन-चार पावले ढकलत नेण्याची आणि मागून पाय फिरवण्याची सवय नव्या सायकलीवरही आपोआप उसळी मारील, आणि गडबडीच्या वेळी तर नक्कीच. म्हणून पहिले आठ-दहा दिवस वावरात जाऊ नये. ज्या शाळेत मुलांना शिकवले तिच्याच मैदानावर सकाळी ऊन चढायच्या आत वीस वेळा चढावे आणि वीस वेळा उतरावे. सायकल चालवण्याचा सराव करण्याची गरज नाही, ती येतेच.

दुकानात ‘लेडीज’ चौकट बहुधा बुटक्या मापाची असते. आपली उंची साडेपाच फुटांपेक्षा जास्त असेल तर सीटची नळी बरीच वर ओढावी लागते. त्या नळीवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ चौकटीच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर लांब नळी मागावी, ती स्वस्तात मिळते. हँडललाही तशीच रेघ असते. हँडल सीटपेक्षा दोन-तीन इंच उंच आणि मुठी अंगाकडे वळलेल्या असाव्यात, म्हणजे पाठ सरळ राहते, मनगटावर भार येत नाही आणि मोडलेल्या मनगटासाठी हे मला अधिकच महत्त्वाचे वाटते. ताठ बसले की वजन सीटवर येते, तेव्हा सीट रुंद आणि स्प्रिंगची घ्यावी; फार गुबगुबीत मात्र नको, तिच्यात अंग रुतते आणि मांड्या घासतात.

आता तोट्याची बाजू. दांडी काढली की चौकटीचा ताठपणा कमी होतो, आणि मागे ओझे ठेवून पायडल मारले की सायकल शेपटी हलवल्यासारखी वळवळते. आपल्या जुन्या सायकलीने पन्नास किलोचे पोते वाहिले असेल, नवीने ते वाहू नये. कॅरियरवर दहा-पंधरा किलो, म्हणजे डबा, पाण्याची कॅन, विळा आणि थोडी भाजी, इतकेच. ढेपेचे पोते मुलाच्या स्कूटीवर किंवा कोणाच्या बैलबंडीत येऊ द्यावे. दांडी नसल्यामुळे नातवाला पुढे बसवता येणार नाही, आणि सायकल उचलून नाला ओलांडायचा झाल्यास धरायला जागा सापडत नाही, हेही आधी माहीत असलेले बरे.

पांदण दोन किलोमीटर असल्याने चाकांचा विचार वेगळा करावा लागेल. सव्वीस इंची चाकाला दीड इंचापेक्षा अरुंद टायर येतात, ते डांबरी रस्त्यावर हलके चालतात, पण बैलबंडीच्या चाकोरीत आणि वाळलेल्या ढेकळांवर हातापर्यंत हादरे देतात. पावणेदोन इंच रुंदीचे टायर घ्यावेत, आणि त्यांच्या व मडगार्डच्या मध्ये निदान बोटभर जागा आहे ना, ते बोट घालूनच पाहावे. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला मी काय सांगावा. मृगाचा एक पाऊस पडला की ती टायरला चिकटून मडगार्डमध्ये ठासते आणि चाक फिरेनासे होते. त्या दिवसांत सायकल डांबरी रस्ता संपतो तिथे कोणाच्या गोठ्यात ठेवून पुढे पायी जावे. बाभळीच्या काट्यासाठी जाड ट्यूब घालावी. स्टँड दोन पायांचे, मागच्या चाकाचे असावे. एका पायाचे तिरपे स्टँड ओल्या मातीत रुतते आणि सायकल आडवी होते.

सळीच्या ब्रेकला बोटांचा जोर फार लागतो, म्हणून तारेचे ब्रेक घ्यावेत आणि ब्रेकची पट्टी मुठीच्या जवळ आणून घ्यावी. रिम लोखंडी चकचकीत असेल तर पावसात ब्रेक लवकर धरत नाही. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम त्या मानाने बरी. आपल्याकडच्या सायकलींचा उजवा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, तो एकटा जोरात दाबू नये. धोतर नेसत असाल तर चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच.

गिअरची गरज मला दिसत नाही. आपल्या वाटेवर चढ असला तरी तो घाटाचा नाही, आणि चिखलात गिअरचे सामान बिघडते. त्याऐवजी मिस्त्रीला सांगून मागच्या चाकाचे अठरा दात्यांचे चक्र, म्हणजे फ्रीव्हील, काढून बावीस दात्यांचे बसवावे. वेग थोडा कमी होईल, परंतु पायडल जवळपास पाचव्या हिश्श्याने हलके होईल आणि गुडघा त्याचे आभार मानील. चेन एक-दोन कड्यांनी वाढवावी लागेल, एवढेच.

बॅटरीच्या सायकलीबद्दल: २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या मोटारीची सायकल मोटार वाहनात मोडत नाही, तिला परवाना किंवा पासिंग लागत नाही. पण तिचे वजन वीस-पंचवीस किलो असते, पांदणीत ढकलावी लागली तर तेच वजन अंगावर येते, आणि स्वस्त प्रकारांत पायडल मारताच मोटार हिसका देते, जो चढण्याच्या नाजूक क्षणी नको असतो. वर्षभर साधी चालवून पाहावी, मग ठरवावे. तीनचाकीचा विचार कोणी सुचवला तर नको म्हणावे. ती वळताना कलत नाही, आणि एक चाक चाकोरीत व दुसरे उंचवट्यावर आले की उलटते.

सायकल घेताना ती डोळ्यांसमोर जोडून घ्यावी. माझ्या मामांसाठी मी घेतलेली सायकल एका दुकानातून जोडून घरी आली, आणि दोन दिवस मामा तक्रार करत राहिले की वळताना अंगठा पुढच्या मडगार्डला लागतो. तिसऱ्या दिवशी नीट पाहिले, तर पुढचे चाक धरणारा चिमटा चक्क उलटा बसवलेला होता. त्याचा बाक पुढे हवा तो मागे होता. दुकानदार म्हणाला, “चालते ना?” चालत होती, हे खरे. आपण चिमट्याचा बाक पुढे आहे, हँडलचा मधला बोल्ट चाक गुडघ्यांत धरून पिळल्यावर फिरत नाही आणि दोन्ही पायडल पुरते कसलेले आहेत, एवढे तिथेच तपासावे. पंधरा दिवसांनी चाकाच्या तारा सैल पडतात, तेव्हा एकदा चाकाचा आऊट काढून, म्हणजे त्या कसून चाक सरळ करून घ्यावे.

डॉक्टरांना गुडघा दाखवालच. सोबत हेही सांगावे की सायकल चालवायची आहे. रक्तदाबाच्या गोळीने उठताना भोवळ येत असेल, किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी निघू नये. मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊच्या आत परत यावे.

मुलाला माझ्याकडून सांगावे की त्याची काळजी रास्त आहे, पण शंभर किलोची स्कूटी पायावर पडणे आणि पंधरा-अठरा किलोची सायकल पडणे यांत फरक आहे. त्याने स्कूटी जरूर घ्यावी. पोती वाहायला ती लागणारच आहे.

राहिला जुन्या सायकलीचा प्रश्न. भंगारात तिचे फारसे काही मिळणार नाही, आणि तिचे अठ्ठावीस इंची चाकाचे कॅरियर, मडगार्ड, स्टँड यांपैकी काहीही नव्या सायकलीला बसणार नाही. वावरावर काम करणाऱ्या एखाद्या तरुण गड्याला ती द्यावी, दांडी आणि मजबूत कॅरियर त्याच्या उपयोगाचे आहे. देण्यापूर्वी घंटी मात्र काढून घ्यावी. हँडलची जाडी बहुधा सारखीच असते, ती नव्या सायकलीला बसेल.